चकतीभोवतीची मोकळी जागा

आमच्या जामखेड तालुक्यात समुद्राचं नाव काढलं की लोक हसतात. उन्हाळ्यात टँकरमागे हंडे घेऊन पळणाऱ्या गावातली मुलगी नगरला जाऊन समुद्रातल्या जिवांवर संशोधन करते, हे ऐकल्यावर त्यांनी हसू नये तर काय करावं? माझ्या चुलत्यांनी तर पारावर बसून जाहीरच केलं होतं, "हिथं प्यायला घोटभर न्हाई, आन् हिला खारं पानी लागतंय." मी त्यांच्यावर चिडायचे. पण खरं सांगायचं तर तोवर मी समुद्र एकदाच पाहिला होता, कॉलेजच्या सहलीत, आणि तोही घाटात उलट्या होऊन आडवी पडल्यामुळे बसच्या खिडकीतूनच.

माझा विषय होता समुद्री स्पंज. भांडी घासायचा नव्हे, जिवंत. हा प्राणी आहे, पण एकदा खडकाला चिकटला की जन्मभर तिथेच. त्याला पळता येत नाही, चावता येत नाही, अंगावर कवचही नाही. दिवसभर तो पाणी आत घेतो आणि बाहेर सोडतो, आणि त्या पाण्याबरोबर काय वाटेल ते त्याच्या अंगात शिरतं. तरी तो कुजत नाही. त्याच्या आणि त्याच्या अंगात वस्तीला असलेल्या जिवाणूंच्या पोटी अशी द्रव्यं तयार होतात की बुरशीला तिथे मूळ धरता येत नाही. ती द्रव्यं वेगळी काढायची आणि माणसाला त्रास देणाऱ्या बुरशींवर त्यांचा काही उपयोग होतो का ते बघायचं, हे आमचं काम. कोकणातले एक ओळखीचे मच्छीमार ओहोटीला खडकांवरचे स्पंज काढून बर्फाच्या डब्यातून पाठवायचे. तो डबा उघडला की सगळ्या मजल्यावर असा वास सुटायचा की शेजारच्या विभागातले लोक नाकाला रुमाल लावून आमच्या गाइड मॅडमचा उद्धार करायचे.

त्या स्पंजचे तुकडे करायचे, मिथेनॉलमध्ये भिजत घालायचे, गाळायचे, आटवायचे. किलोभर मालातून शेवटी बोटाच्या पेराएवढा तपकिरी चिकटा हाती लागायचा. काचेच्या बशीत बुरशी पेरायची, कागदाची एक बारीक चकती त्या चिकट्याच्या द्रावणात भिजवून बशीच्या मधोमध ठेवायची आणि दोन-तीन दिवस वाट बघायची. बुरशी बशीभर कापसासारखी वाढते. द्रावणात दम असेल तर चकतीच्या भोवती गोल मोकळी जागा राहते. ती जागा पट्टीनं मोजायची. माझी चार वर्षं ती जागा मोजण्यात गेली.

घरात यातलं कुणाला काही कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. अपवाद एक, माझी मोठी बहीण. मी तिला आक्का म्हणते. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. सातवीनंतर तिची शाळा सुटली, दोन वर्षांनी खर्ड्याच्या बाजूच्या एका गावात तिचं लग्न लागलं, आणि त्याच वर्षीपासून ती आणि दाजी ऊसतोडीला जायला लागले. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. माणसं मोजायचीच नाहीत, कोयते मोजायचे. दिवाळी झाली की गावागावांतून ट्रक भरून टोळ्या निघतात, आणि ऊस संपेपर्यंत उसाच्या फडाच्या कडेला पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, संसार मांडतात.

ती आक्का मला फोनवर विचारायची, "त्ये तुजं जनावर पळत न्हाई म्हनतीस, मंग खातं काय?" मी सांगायची. मग म्हणायची, "आन् त्याला लेकरं कशी हुतात?" मी तेही सांगायची. आमच्या मॅडमनी मला तोंडी परीक्षेत विचारले नसतील इतके प्रश्न तिनं फडातून विचारले. एकदा म्हणाली, "बारके, म्हंजी एका जागी बसून समदं सोसायचं, आन् तरी सडायचं न्हाई. लई गुनाचं हाय की." मला तेव्हा हसू आलं होतं.

आता माझ्या दोषाकडे येते. एम.एस्सी. झाल्यापासून मला घरात आणि भावकीत डॉक्टरीण म्हणायला लागले होते. मी डॉक्टर नव्हते, आणि पीएच.डी. झाल्यावरही तसली डॉक्टर होणार नव्हते. सुरुवातीला मी समजावून सांगायची. मग कंटाळा आला. आणि मग, हे लिहायला लाज वाटते, ते आवडायला लागलं. कुणाचं अंग दुखलं, कुणाला खरूज आली, कुणाच्या पोटात मुरडा आला की आधी मला फोन यायचा. मी मोठ्या रुबाबात गोळीचं नाव सांगायची. बहुतेकांना बरं वाटायचं, कारण बहुतेक दुखणी आपोआप बरी होणारीच असतात. पण श्रेय मला मिळायचं आणि मी ते ठेवून घ्यायची.

त्या वर्षी आक्काची टोळी राहात्याच्या बाजूला उतरली होती. मी नगरला. एसटीनं दोन-अडीच तासांचं अंतर. हे अंतर मी मुद्दाम लिहितेय.

मार्गशीर्षातली सकाळ होती. मी लॅबमध्ये बशा मोजत होते. आक्काचा फोन आला. आदल्या दिवशी मोळी बांधताना उसाचं पान सपकन डोळ्यात गेलं होतं. उजवा डोळा लाल झाला होता, पाणी गळत होतं, वाळू गेल्यासारखं टोचत होतं.

"धुतलास का?" मी विचारलं.

"धुतला की. पन थांबत न्हाई. आबाचं थेंब हायेत बघ माज्याकडं. आईनं पिशवीत घातल्यात. टाकू का?"

आबा म्हणजे आमचे वडील. दिवाळीआधी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यांच्या थेंबांची अर्धी बाटली उरली होती. आमच्याकडे औषध टाकून देत नाहीत. तोडीला जाणाऱ्या लेकीच्या पिशवीत आई डोकेदुखीच्या गोळ्या, बाम, हळद, असं काय काय घालते, त्यात तिनं ती बाटलीही घातली. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला चाललं म्हणजे चांगलंच असणार, हा तिचा हिशोब. त्या बाटलीवरचं नाव मी स्वतः वाचलेलं होतं. त्यात स्टेरॉइड होतं. ऑपरेशननंतरची सूज उतरावी म्हणून ते देतात, आणि तिथे ते योग्यच असतं.

माझ्या एका हातात पट्टी होती, दुसऱ्या हातात बशी. बशी फार वेळ उघडी ठेवता येत नाही. मी फोन खांद्यात धरून म्हणाले, "टाक. दिवसातून चार वेळा. दोन दिवसांत बरं वाटेल."

दोन दिवसांत बरं वाटलंही. लाली उतरली, टोचणं कमी झालं. आक्कानं आपणहून फोन केला, "तुज्या हाताला गुन हाय बाई. समद्या बायकांस्नी सांगितलं, माजी भन डॉक्टरीन हाय म्हनून." मी खूश झाले आणि प्रबंधाचं पहिलं प्रकरण लिहायला बसले.

त्या प्रकरणात मी काय लिहीत होते, ते सांगायलाच हवं. बुरशीमुळे होणाऱ्या रोगांची ओळख करून द्यायची होती. मी इंग्रजीत लिहिलं होतं की शेतात काम करणाऱ्यांच्या डोळ्याला पिकाच्या पानाची इजा झाली तर त्यातून बुरशी शिरते, बुबुळावर व्रण होतो, आणि अशा वेळी स्टेरॉइडचे थेंब पडले तर लक्षणं काही दिवस दबतात आणि आत बुरशी मोकाट वाढते. हे वाक्य मी दहा ठिकाणी वाचून, शब्द फिरवून, नीट संदर्भ देऊन लिहिलं. त्यातली 'शेतात काम करणारी' म्हणजे आक्का, हे माझ्या डोक्यात आलं नाही. एकदाही नाही. पुस्तकातली माणसं मला कुठल्या तरी दुसऱ्या देशातली वाटायची.

आठव्या दिवशी दाजींचा फोन आला. दाजी कधी मला फोन करत नाहीत. "कामावर उठंना झाली ती," एवढंच म्हणाले.

मी मिळेल त्या गाडीनं गेले. आक्का कोपीच्या दारात पदर डोळ्यावर दाबून बसली होती. मी पदर बाजूला केला. बुबुळावर राखाडी-पांढरा ठिपका होता, आणि त्याची कड साफ नव्हती, बारीक तंतू फुटल्यासारखी विसकटलेली होती. ती कड मी चार वर्षं रोज बघत होते. बशीत बुरशी पुढे सरकते तेव्हा तिची कड अशीच दिसते.

"थेंब टाकतीयेस ना तू?" मी विचारलं.

"टाकतीये की. चारदा. तू म्हनलीस तसं." मग जरा अपराधी आवाजात म्हणाली, "काल मातर दुखाया लागलं म्हनून सहादा टाकलं."

मी तिची चप्पल शोधून तिच्या पायाशी ठेवली.

तिला नगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आणलं. तिथल्या डॉक्टरांनी व्रण हलकेच खरवडून काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि म्हणाले, बुरशी आहे. मग त्यांनी विचारलं, "आधी काही थेंब घातले का?"

"घातलं," आक्का म्हणाली.

"कुणी दिले?"

मी तिच्या शेजारी उभी होते. माझ्या गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र होतं. ते काढायचं घाईत राहून गेलं होतं.

"तिकडल्या एका मेडिकलवाल्यानं," आक्का म्हणाली.

"बाटली आहे?"

"फेकून दिली."

बाटली तिच्या कमरेच्या पिशवीत होती. मला माहीत होतं. डॉक्टर वैतागले. "त्यात स्टेरॉइड असणार. ह्या लोकांना काही वाटतच नाही, काय वाटेल ते हातात देतात." हे ते माझ्याकडे बघून म्हणाले, शिकलेल्या माणसानं शिकलेल्या माणसाला म्हणावं तसं. आणि मी मान हलवली. होय म्हणून मान हलवली.

पुढचे वीस-बावीस दिवस आक्का माझ्या खोलीवर राहिली. बुरशीवरचे थेंब तासातासाला घालायचे होते. तिला एकटीला ते जमेना, म्हणून मी तिला लॅबमध्ये घेऊन जायची. मॅडमनी परवानगी दिली. कोपऱ्यात एका स्टुलावर ती डोळ्यावर हिरवी पट्टी लावून बसायची, आणि डाव्या डोळ्यानं सगळं बघायची. तास झाला की मी हात धुऊन थेंब घालायची. ती नेहमी म्हणायची, "आधी तुजं काम उरक."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी एक बशी उजेडाकडे धरली होती. चकतीभोवती चांगली रुंद मोकळी जागा दिसत होती. आक्का स्टुलावरून उठून जवळ आली.

"हितं बुरशी का न्हाई आली?"

"चकतीत स्पंजचं औषध आहे. त्यानं अडवली."

"माज्या डोळ्यातली बी असलीच हाय नव्हं?"

"असलीच. त्याच जातीची."

ती बशीकडे आणखी वाकली. मग हळूच म्हणाली, "मंग दोन थेंब टाक की त्यातलं. मी कुनाला सांगनार न्हाई."

मी तिला दुसऱ्या टेबलाजवळ नेलं. तिथे नळ्यांचा एक स्टँड होता. त्याच अर्काची रक्तावर चाचणी लावली होती. चांगल्या नळीत रक्तपेशी खाली बसलेल्या असतात आणि वर पाणी निवळ दिसतं. आमच्या नळीत सगळं एकसारखं लाल झालं होतं. पेशी फुटल्या होत्या. मी तिला सांगितलं की आक्का, बुरशी आणि माणूस हे आतून फार लांबचे नाहीत. जिवाणूंना मारणारी औषधं पुष्कळ मिळतात, कारण ते आपल्याहून अगदी वेगळे. पण जे बुरशीला मारतं ते बऱ्याचदा आपल्यालाही मारतं. ह्यातलं नेमकं कुठलं द्रव्य बुरशीपुरतं काम करतं, ते वेगळं काढायला वर्षं लागतील. कदाचित निघणारच नाही.

तिनं ती लाल नळी बराच वेळ पाहिली.

"म्हंजी त्याला बुरशी कोन आन् मानूस कोन, त्ये कळत न्हाई," ती म्हणाली.

"नाही कळत."

"तुला कळतंय म्हनून इचारलं हुतं," असं म्हणून ती पुन्हा स्टुलावर जाऊन बसली. तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. मला मात्र तिचं फोनवरचं 'टाकू का?' आठवलं.

त्या दिवसांत मी तिला खरं सांगू शकले असते. रोज ठरवायची, तासातासाला तिची पापणी ओढून थेंब घालताना ठरवायची. तिचा चेहरा माझ्या तळहातावर असायचा. पण थेंब पडले की हात धुऊन पुन्हा बशांकडे वळायची. मला वाटायचं, डोळा माझ्या सांगण्यानं बिघडला हे तिला ठाऊकच नाही; तिनं डॉक्टरांना मेडिकलवाल्याचं का सांगितलं ते मी स्वतःला विचारलंच नाही. विचारलं असतं तर उत्तर देता आलं असतं. मी बुद्दू नाही, मी भित्री आहे.

डोळा वाचला नाही. बुबुळाला भोक पडलं, आणि आत सगळीकडे पसरू नये म्हणून तो काढावा लागला. आबा आणि आई आले होते. आबा दवाखान्याच्या व्हरांड्यात खांबाला टेकून बसले आणि म्हणाले, "माजा म्हाताऱ्याचा गेला असता तर चाललं असतं." ती बाटली आपली होती, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

दोन महिन्यांनी दवाखान्याच्या लॅबकडून आमच्याकडे नळ्यांचा एक डबा आला. मॅडमनी रुग्णांच्या डोळ्यांतून वाढवलेल्या बुरशी मागून घेतल्या होत्या, अर्क प्रत्यक्ष रोगातल्या बुरशीवर तपासावा म्हणून. नळ्यांवर नावं नव्हती, नंबर होते, आणि सोबत एक कागद. एका नंबरापुढे लिहिलं होतं: स्त्री, शेतमजूर, उजवा डोळा, उसाच्या पानाची इजा, आधी स्टेरॉइड. तारीख आक्काला दवाखान्यात आणलं त्या दिवसाची होती.

मी ती बुरशी बशीत पेरली. ती सुरेख वाढली. पांढरी, मधोमध किंचित गुलाबी, मऊ. माझ्या बहिणीचा डोळा खाऊन ती इथे आली होती आणि तिला बशीतल्या बटाट्याच्या रसावरही तितकंच छान जगता येत होतं. मी चकती ठेवली. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर सगळ्या बशांमध्ये हीच मोकळी जागा सर्वांत मोठी होती. मॅडम माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "सुंदर! हाच फोटो घेऊ." त्यांना काही माहीत नव्हतं. मी प्रसाधनगृहात जाऊन नळ सोडला आणि रडले. तोंड धुऊन परत आले, पट्टी घेतली आणि मोजलं. त्या फोटोचं पोस्टर झालं, एका परिषदेत त्याला बक्षीस मिळालं. आक्कानं फोनवर विचारलं, "कशाचं बक्षीस?" मी म्हणाले, "असंच, कामाचं."

पुढच्या दिवाळीनंतर टोळी पुन्हा राहात्याकडे निघाली. आक्काही निघाली. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नाही, म्हणून कोयता दाजींनी एकट्यानं चालवायचा आणि तिनं मोळ्या बांधून वाहायच्या, असं ठरलं होतं. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं, तर फळी नेमकी कुठे आहे ते ती पावलानं चाचपून बघणार होती. हे तिनं मला हसत सांगितलं. मी तिच्यासाठी प्लॅस्टिकचे चष्मे नेले होते, टोळीतल्या सगळ्या बायकांना पुरतील एवढे. मला माहीत होतं की घामानं ते धुरकट होतात आणि दुसऱ्या दिवशी कोपीच्या बांबूला लटकतात. तरी नेले.

ट्रकजवळ बायका जमल्या होत्या. आक्का त्यांना सांगत होती, "डोळ्याला काय बी झालं, तर मेडिकलवाल्याचं ऐकू नगा. माज्या भनीला फोन लावा. माज्या टायमाला म्या तिला इचारलं न्हाई, म्हनून घात झाला."

हे ऐकल्यावर मला उभं राहवेना. मी मोठ्यानं म्हणाले, "तिनं विचारलं होतं. ते थेंब मीच सांगितले होते. मेडिकलवाला कुणी नव्हताच. तिचा डोळा माझ्यामुळे गेला."

एकीनं पदर तोंडाला लावला. दाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मग ट्रकच्या चाकाकडे बघत राहिले. मला वाटलं होतं की बोलून टाकल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं.

आक्कानं माझं मनगट धरलं आणि मला ट्रकच्या मागे ओढत नेलं. लहानपणीसुद्धा तिनं माझ्यावर कधी हात उचलला नव्हता.

"म्या डाक्टरला का खोटं बोलले? मला का कळत न्हाई? तुजं नाव घेतलं असतं तर तुजी डिगरी काढून घेतली असती त्यांनी. समद्या घरात एकच शिकलं. डोळा गेला त्यो गेला. तुला राखलं हुतं म्या. त्ये बी आज तू घालवलंस."

"आक्का, डिग्री अशी कुणी काढून घेत नाही गं."

"मला काय म्हाईत?" ती ओरडली. मग हळू आवाजात पुन्हा म्हणाली, "मला काय म्हाईत, बारके."

ट्रक निघाला. चष्म्यांची पिशवी मी फळीवरून आत ढकलली.

त्या हंगामात टोळीतल्या बायकांचे मला फोन आले. मला वाटलं होतं कुणी करणार नाही, पण त्यांना विचारायला दुसरं होतंच कोण? मी आता कुठल्याही औषधाचं नाव सांगत नव्हते. "काही टाकू नका, मी येते," म्हणायची आणि निघायची. दोघींना पान लागलं होतं. दोघींना त्याच दिवशी दवाखान्यात नेलं आणि दोघींचे डोळे वाचले. एकीनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मला तो गिळवेना.

आक्काचा फोन मात्र आला नाही. दुसरीला परत टोळीवर सोडायला गेले तेव्हा मी तिच्या कोपीवर गेले. ती चुलीपुढे वाकून भाकरी थापत होती. माझी चाहूल लागल्यावर तिनं वर बघितलं नाही. मी समोर जाऊन बसले. तिचा डावा डोळा, तिचा एकुलता एक डोळा, लालभडक झाला होता.

"कधीपासून?"

"चार दिस झालं."

"पान लागलं?"

"ठावं न्हाई. लागलं असंल."

मी तिला तशीच उठवली. तव्यावरची भाकरी दाजींनी काढली. रस्त्यात एसटीत मी तिचा हात धरून बसले आणि सारखी तिच्या बुबुळाकडे बघत राहिले. दवाखान्यात डॉक्टरांनी यंत्राखाली डोळा नीट तपासला. व्रण नव्हता. पाचटाचा एक बारीक कण पापणीच्या आत रुतला होता. त्यांनी तो चिमट्यानं काढला आणि म्हणाले, आणखी दोन दिवस काढले असते तर सांगता आलं नसतं.

बाहेर येऊन आम्ही पायरीवर बसलो. मला रडू आवरेना. मी म्हणाले, "हाही गेला असता तर? मी दोन तासांवर होते. शेजारणीला घ्यायला तुझ्या कोपीपुढून गेले. तू एक हाक नाही मारलीस?"

आक्कानं पदरानं माझं तोंड पुसलं. "तुला सांगितलं असतं, आन् काय वंगाळ झालं असतं," ती म्हणाली, "तर तू परत समद्यांम्होरं उभी ऱ्हाऊन, माज्यामुळं झालं म्हनली असतीस. म्हनून न्हाई सांगितलं."